पेटीत नसलेला पन्नास

मार्चच्या तीस तारखेला थोरल्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि त्यांनी बारीक काटा सोडला, तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. बोलण्यासारखं नव्हतंच. खालच्या तराजूंच्या कारखान्यात, उत्तरेकडच्या खिडकीवरच्या भिंतीवर, आबांनी स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं होतं: ‘पंचाहत्तर पूर्ण, बारीक काटा बंद.’ आबा स्वतः शहात्तराव्या वर्षी एका औषधवाल्याचा तराजू चुकीचा जुळवून बसले होते. औषधवाला सावध होता, कुणाला काही झालं नाही. पण आबा तीन दिवस जेवले नाहीत आणि चौथ्या दिवशी त्यांनी रंगाचा डबा मागवला. तेव्हापासून सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे नाजूक तराजू पंचाहत्तरीपुढच्या हाताला लागायचे नाहीत. पोत्यांचे काटे, भाजीवाल्यांचे काटे यांना वय नव्हतं.

थोरल्यांनी त्या दिवशी डोळ्याला लावायचं भिंग खिळ्याला अडकवलं, एप्रनची घडी बाकावर ठेवली आणि जिना चढून वर आले. आबांचा मोठा मुलगा, नियमाला त्यांनी हरकत घेतली असती तर आबाच भिंतीवरच्या फोटोतून खाली उतरले असते. त्यानंतरचे आठ महिने त्यांनी वरच्या खिडकीशी बसून काढले. म्हणजे ते काढले त्यांच्या बायकोने. वहिनींना (घरात सगळेच त्यांना वहिनी म्हणत, अगदी दूधवालासुद्धा) पन्नास वर्षांच्या संसारात नवरा दुपारी दिसायची सवय नव्हती. आता तो दिसत होता, आणि दिसता दिसता बोलतही होता. मिठाची बरणी शेल्फाच्या कडेपासून दोन बोटं आत असावी, परवा ती दीड बोट होती. वहिनींनी ते ऐकून घेतलं, आणि मनातल्या मनात लिहून ठेवलं.

उद्या अठ्ठावीस नोव्हेंबर. उद्या आत्या पंचाहत्तरीच्या होणार. थोरल्यांची पाठची बहीण, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, मागच्या खोलीत राहणारी, आणि बारीक काट्यावर या घरात आजवर बसलेल्यांत सर्वांत चांगला हात. आबांपेक्षाही चांगला, हे आबा स्वतः म्हणायचे, फक्त ती समोर नसताना. उद्यापासून तो हात रिकामा. बाकावर एका सोनाराचा तराजू आला होता, त्याची दांडी ज्या पोलादी धारेवर टेकते ती धार आत्यांची निम्मी घासून झाली होती. उरलेली निम्मी दुसऱ्याने करायची होती. आत्यांनी याबद्दल कुणाकडे तक्रार केली नव्हती. फक्त गेला आठवडाभर त्या सकाळी सातऐवजी सहालाच खाली जात होत्या.

थोरल्यांनी आज दुपारी तीनला सगळ्यांना वर बोलावलं होतं, बाकाची रीतसर सोपवासोपव करायला. आणि रीतसर म्हटलं की प्रत्येकजण आपापली पिशवी घेऊन येतो.

धाकटे भाऊ आले ते खिशात टेप घेऊन. वय एकाहत्तर, चौकात विजेच्या काट्यांचं दुकान, आणि उत्तरेकडच्या त्या खिडकीवर गेली दहा वर्षं डोळा. तिथून रस्ता सरळ दिसतो. म्हणजे रस्त्यावरून ती खिडकीही सरळ दिसते. बारीक काटा बंदच झाला तर तिथे काचेचं कपाट उत्तम बसेल. चहा यायच्या आत ते एकदा खाली जाऊन आले. टेप खिशातच होता म्हणाले, पण त्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

ज्याच्या हाती बाक जायचा तो थोरल्यांचा मुलगा, बाळ. बाळ पन्नाशीला आला होता. पोत्यांचा काटा तो डोळे मिटून जुळवायचा. बारीक काट्याची मात्र त्याला धडकी भरायची, कारण नाजूक तराजूपुढे श्वास धरावा लागतो आणि बाळचा श्वास लहानपणापासून शिट्टी वाजवत यायचा. नको असं वडिलांना सांगायचं त्याने आठ महिन्यांत अकरा वेळा ठरवलं होतं.

आणि बाळची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्रेचाळीस वर्षांची नवी सून. बाळने लग्नाला इतका उशीर केला की घरातल्यांनी आशा सोडून दिली होती; मग एक दिवस प्रसूतिगृहाचा बाळांचा काटा दुरुस्त करायला गेला आणि तिथल्या नर्सलाच पसंत करून आला. तिचं अजून या घरात कुठल्याच पारड्यात वजन नव्हतं, म्हणून ती सगळ्यांनाच आवडायची.

वहिनींची पंचाईत वेगळीच होती. तोंडाने त्या नवऱ्याच्या बाजूने होत्या. नियम म्हणजे नियम. पण खिडकीशी एक रिकामा माणूस काय असतो ते त्यांनी पाहिलं होतं, आणि उद्यापासून ते दोन होणार होते.

चहा झाला. थोरले उठले आणि भिंतीतल्या लांब फळीपाशी गेले.

या फळीवर घराण्याची जंत्री होती. कागदावर नव्हे, पितळेत. या घरात मूल जन्मलं की त्याला काट्यावर घालायचं, समोरच्या पारड्यात वाळू ओतायची, काटा मधोमध आला की ती वाळू पिशवीत बांधून ठेवायची, आणि मग सवडीने पितळेचं एक वजन ओतून ते कानशीने घासत घासत त्या वाळूबरोबर जुळवायचं. मूल वाढत जातं, वजन तेवढंच राहतं. शेवटी वजनाच्या बुडाला त्या वर्षाचा ठसा ठोकायचा. तोच ठसा त्या वर्षी दुकानात बनलेल्या प्रत्येक तराजूवरही असायचा. त्यामुळे घरात कुणी कुणाला वय विचारत नसे. ‘तुझा ठसा कितीचा?’ विचारत. सत्त्याहत्तर म्हटलं की समोरचा मनात वजाबाकी करून मोकळा.

ठशावरून पिढीही कळायची. एकोणपन्नासपर्यंतचे आकडे गोल, पोट सुटलेले, जुन्या ठसेवाल्याच्या हातचे. एक्कावन्नपासून नव्या कारागिराचे, चौकोनी खांद्यांचे. आबांनी बारीक काट्यावर बसवली ती गोल आकड्यांची दोघं, थोरले आणि आत्या. चौकोनी आकड्यांच्या वाट्याला पोत्यांचा काटा आला. धाकट्यांचा त्रेपन्न चांगलाच चौकोनी होता, आणि सत्तर वर्षं ते कोणत्याही भांडणात अडकले की शेवटी म्हणायचे, मी काय बाबा, चौकोनी.

थोरल्यांनी फळीवरून दोन वजनं उचलली. एक आपलं, एक बहिणीचं. दोन्हींच्या बुडाला गोल एकोणपन्नास. एकाच वर्षात दोन लेकरं, एक मार्चअखेर आणि एक नोव्हेंबरअखेर. आत्या आठव्या महिन्यातच आल्या म्हणून त्यांना लहानपणी आठमाशी म्हणत. थोरले अजूनही म्हणत, विशेषतः त्या जिंकत असल्या की. त्यांनी दोन्ही वजनं टेबलावर ठेवली आणि भाषण सुरू केलं. दोघं एका वर्षाची. आबांनी शाळेत नाव घालताना ही दोन वजनं पिशवीत घालून नेली होती, मास्तरांच्या टेबलावर ठेवली होती, आणि मास्तरांनी बुडं वाचून दोघांना एका वर्गात बसवलं होतं. दहा वर्षं एका बाकावर. मग साठ वर्षं खाली एका काट्याच्या दोन बाजूंना. ती धार घासायची, मी दांडी सरळ करायचो. काट्याजवळ श्वास सोडता येत नाही, म्हणून एकाने मान वळवून सोडायचा, मग दुसऱ्याने. साठ वर्षं आळीपाळीने श्वास घेतला, असं थोरले म्हणाले, आणि घाईने त्यांनी नियमाचा विषय काढला.

आत्या खिडकीकडे बघत होत्या. सुनेने टेबल आवरता आवरता आत्यांचं वजन उचललं, कप ठेवायला जागा करावी म्हणून, आणि ते हातातच राहिलं.

वीस वर्षं ती हेच करत आली होती. बाळ उचलायचं आणि काट्याआधी हाताने सांगायचं. तिच्या हाताने सांगितलं, साडेतीन किलो, वर थोडंसं. तिने थोरल्यांचं वजन दुसऱ्या हातात घेतलं. सव्वादोन, अडीच.

तिने विचारलं, यातलं आठमाशी कोणाचं?

सगळे हसले. हा घरातला जुना किस्सा होता आणि नव्या माणसाला सांगायला मिळाला की प्रत्येकाला आनंद व्हायचा. धाकट्यांनीच सांगितला. हिचंच, आठव्या महिन्यात आली आणि फळीवर सर्वांत जड हीच. पूर्ण दिवस राहिली असती तर आईला उठता आलं नसतं.

“आत्या, बाबांचा वाढदिवस तीस मार्चला ना?” सून म्हणाली. “आणि तुमचा उद्या.”

“हो.”

“मग मधे आठ महिनेसुद्धा पूर्ण होत नाहीत. दोन दिवस कमी पडतात.”

“म्हणून तर आठमाशी,” धाकटे म्हणाले.

सुनेने वजन खाली ठेवलं. प्रसूतिगृहात ती ज्या आवाजात डॉक्टरांची चूक दाखवायची, तो आवाज ती घरी आणत नसे, पण सवय. तिचं म्हणणं असं, की आठ महिन्यांचं बाळ साडेतीन किलोचं नसतं, हे एक. आणि दुसरं, आठ महिन्यांचंच धरलं तर आजींना बाबांच्या बाळंतपणाच्या दिवशीच पुढचे दिवस गेले असं धरावं लागेल. संध्याकाळी वगैरे.

हा काही शोध नव्हता. पंचाहत्तर वर्षं न केलेली एक वजाबाकी होती. गुंजेचा विसावा भाग चुकला तर झोप न येणारं हे घराणं. त्या घराण्यात तीन पिढ्यांनी दर वर्षी दोन वाढदिवस साजरे केले, त्यांच्यामधले महिने बोटावर कोणी मोजले नाहीत. बाळने पहिल्यांदा मोजले. उजव्या हाताची बोटं, मग डाव्या हाताची तीन. मग तो आईकडे बघायचं टाळून लाल झाला.

वहिनींना मात्र एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटलं हे दिसू नये म्हणून त्यांनी कप गोळा करायला घेतले. त्या म्हणाल्या, सासूबाईंच्या बाबतीत असलं बोलणं बरं नाही. पण सूनबाई म्हणते त्यात तथ्य असेल तर ठशांची पेटी बघायला काय हरकत आहे. नवऱ्याच्या बाजूने बोलत बोलत त्या केव्हा पलीकडे गेल्या ते थोरल्यांनाही कळलं नाही.

बाळ दोन दोन पायऱ्या उतरून पेटी घेऊन आला. शिसवी पेटी, आत ओळीने ठसे, प्रत्येकाला आपली खाच. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, गोल गोल. त्याच्या शेजारच्या खाचेत एक्कावन्न, चौकोनी.

“पन्नास नाहीच,” बाळ म्हणाला.

मग आठवण निघाली, आणि ती धाकट्यांकडे निघाली, कारण आईच्या मांडीवर जास्त काळ तेच बसले होते. जुना ठसेवाला एकोणपन्नास संपता संपता गेला. आबांना दुसऱ्या कुणाचा हात पसंत पडेना. वर्षभर कारागीर शोधत होते. त्या वर्षी बनलेल्या तराजूंवर जुनाच ठसा ठोकला. तराजूवर ठोकला तर मुलीच्या वजनावर कुठला ठोकणार? त्यात आबांच्या मनात लपवाछपवी नसावी. ठसा आला की शेजारी ठोकू असं म्हणाले असतील, आणि नवा आला तो एक्कावन्नचा.

धाकट्यांनी टेप खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या होत्या. पन्नासच्या मुलीला आबांनी बारीक काट्यावर बसवलं आणि त्रेपन्नच्या आपल्याला पोती दिली, म्हणजे आकड्यांच्या गोलाईचं सगळं सोंगच होतं, हा राग. आणि गोल आकड्यांत आता दादा एकटेच उरले, हा आनंद. आनंद जरा जड निघाला. बहिणीकडे वळून ते म्हणाले, म्हणजे ताई, तू तर आमच्यातलीच. खिडकीचं काय, वर्षभर थांबू. दहा वर्षं थांबलो.

बाळने तर लगेच म्हटलं, आत्या चौऱ्याहत्तरीच्या असतील तर प्रश्नच मिटला. त्याचा श्वास शिट्टी न वाजवता बाहेर पडला.

आता सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. आईच्या पोटी त्या नेमक्या कधी आल्या हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, पण तरी.

“शाळेच्या दाखल्यावर एकोणपन्नास आहे,” आत्या म्हणाल्या. “फळीवर एकोणपन्नास आहे. उद्या मी पंचाहत्तरीची, आणि उद्या बाक बाळचा. पेटी खाली नेऊन ठेव रे, धूळ बसते.”

आणि त्या उठून मागच्या खोलीत गेल्या.

दार लावून त्या पलंगावर बसल्या तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला. सोनाराची ती धार अजून दोन दिवसांची होती. दोन दिवस सोडा, सुनेने त्यांच्यापुढे अख्खं वर्ष आणून ठेवलं होतं, ताटात वाढल्यासारखं, आणि त्यांनी ताट सरकवलं. कारण खरं काय ते त्यांना माहीत होतं. साडेचौदाव्या वर्षापासून माहीत होतं.

दहावीचा निकाल लागला ती दुपार. त्या पास, भाऊ भूमितीत नापास. भाऊ गच्चीवर जाऊन बसला, आणि आईने त्यांना कोठीत बोलावून दार पुढे लोटलं. आई सांगत होती आणि हाताने डब्यांची झाकणं उगाच काढत-घालत होती. तू सोळाची नाहीस गं. तू पंधराचीही नाहीस. तुम्हा दोघांना एकत्र शाळेत घातलं, मलाही बरं पडलं, तुलाही त्याची सोबत झाली, मास्तरांनी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. आठव्या महिन्याचं मी शेजारणींना सांगत सुटले. पण हे त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस. बरोबरीच्या बहिणीच्या मागे पडला तर तो उठून उभा राहील. लहानीच्या मागे पडला हे कळलं तर गच्चीवरून खाली यायचा नाही.

त्या महिन्यातच दोघांना बारीक काट्यावर बसवलं. भाऊ गच्चीवरून उतरला, भिंग डोळ्याला लावलं, आणि दांडी सरळ करण्यात असा काही रमला की भूमिती विसरला. आत्यांनी तोंड मिटलं ते मिटलं. आता ते उघडलं तर बाक मिळत होता, आणि साठ वर्षं समोर बसलेला माणूस जात होता. असा त्यांचा काटा होता, आणि त्यांनी तो हाताने दाबून धरला होता.

जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक पायरीवर थांबणारी. कोण ते त्यांना कळलं. आठ महिन्यांत तो पहिल्यांदा खाली जात होता.

कारखान्यात तेलाचा आणि पितळी भुग्याचा वास जिथल्या तिथे होता. चार वाजायचे होते. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड दिवसभर एकसारखा असतो, आबांनी बाक तिथे ठेवला तो त्याचसाठी. थोरले आपल्या जुन्या स्टुलावर बसले होते. मधे काचेच्या पेटीत सोनाराचा तराजू. आत्या आल्या आणि पलीकडच्या स्टुलावर बसल्या. दुसरीकडे कुठे बसायची सवयच नव्हती.

थोरल्यांनी बाकावरचं तिचं भिंग डोळ्याला लावून धार पाहिली. म्हणाले, डावीकडे अजून काम आहे. आत्या म्हणाल्या, माहीत आहे. मग थोरल्यांनी मान वळवून श्वास सोडला, काट्याची काच बंद होती तरी.

“उद्या चौऱ्याहत्तर की पंचाहत्तर?”

“ठशावर...”

“ठसा मला वाचता येतो. तुला विचारतोय.”

थोरल्यांनी बोट वर करून भिंतीवरची आबांची अक्षरं दाखवली.

“यावर एक दिवस जास्त बसलीस तर चूक. मग एक दिवस आधी उठलीस तरी चूकच. काटा उजवीकडे झुकला काय नि डावीकडे झुकला काय, मी तो दुकानाबाहेर जाऊ देत नाही.”

“चौऱ्याहत्तर,” आत्या म्हणाल्या.

“कधीपासून ठाऊक आहे?”

“निकालाच्या दिवसापासून. आईने सांगितलं.”

थोरल्यांनी भिंग काढून बाकावर ठेवलं. ते वजाबाकी करत होते; ओठ हलत होते. या माणसाला कुठलीही गोष्ट आधी आकड्यात कळते आणि मग लागते, हे आत्यांना माहीत होतं. त्या लागण्याची वाट पाहत राहिल्या.

“तू साडेचौदा. मी सव्वासोळा.”

“दोन गुणांनी तर गेलास.”

“तीन.” त्यांनी भिंग बोटाने सरकवलं. “साठ वर्षं मी मनाला सांगत आलो, दोघं एकत्र सुटलो, एखाद्याचा पाय पुढे पडतो. चालायचंच. आणि मी वीस महिने आधी सुटलो होतो.”

“म्हणूनच बोलले नाही.”

“आई सांगते आणि तू ऐकतेस? आईचं दुसरं काय ऐकलंस तू कधी?”

“हे एकच.”

थोरले हसले नाहीत. पण त्यांच्या नाकातून जे काही निघालं त्याने काच धुरकटली, आणि दोघांचेही हात ती पुसायला एकदम पुढे आले. थोरल्यांनी आपला मागे घेतला. बाक आता त्यांचा नव्हता.

मग बराच वेळ ते खिडकीकडे बघत बोलले, आणि जे बोलले ते भूमितीबद्दल नव्हतं. वरची खिडकी वाईट नाही म्हणाले. रस्ता दिसतो, समोरच्या शिंप्याची दुपारची झोप दिसते. पण शिंप्याने मान टाकली की ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि सांगायला तिकडे वळलं की तिथे भिंत. बायकोला सांगितलं तर ती मिठाच्या बरणीचा विषय काढते. तेव्हा त्यांनी मनाशी धरलं होतं की आठ महिने. मार्च ते नोव्हेंबर, आठ महिने कसेही निघतात, मग आठमाशी वर येईल. त्यांनी महिने मोजून काढले होते. काल दुसरी खुर्चीही नेऊन ठेवली खिडकीशी.

“नियमासाठी सगळ्यांना बोलावलं नाहीस तर,” आत्या म्हणाल्या.

“नियमासाठीच बोलावलं. खुर्ची आपली अशीच.” त्यांनी पुन्हा ओठ हलवले. “आता आणखी बारा. आठ आणि बारा, वीस. वीस महिने मी तिथे एकटा काय करू?”

आत्यांनी काचेवरचा पितळेचा कण बोटाने टिपला आणि बाकाच्या कडेला पुसला.

“एकदा काढलेस की,” त्या म्हणाल्या. “माझ्याआधीचे वीस. तेव्हा काय केलंस?”

हा विचार थोरल्यांच्या मनात कधी आला नव्हता, येण्याचं कारणच नव्हतं. पंचाहत्तर वर्षं ते असंच धरून चालले होते की डोळे उघडले तेव्हा ही समोर होतीच. आता प्रथमच त्यांना ते घर दिसलं जिथे एकच पाळणा होता, एकच मूल रांगत होतं, भिंत धरून उठत होतं, आईच्या मागे मागे जाऊन काहीतरी सांगत होतं, आणि ऐकायला बरोबरीचं कोणी नव्हतं.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे फार जड गेले नसतील.”

“रडलो असेन.”

“ते तर आताही करतोयस, काचेपासून लांब हो.”

थोरले उठले. जाता जाता त्यांनी खिळ्याचं आपलं जुनं भिंग काढलं, तिच्या भिंगाच्या काचेला ओरखडा होता म्हणून, आणि तिच्यापुढे ठेवलं. आत्यांनी एप्रन बांधला. उद्याचं काम उद्यावर ठेवण्याचं कारण उरलं नव्हतं.

वर सगळे होते तिथेच होते, चहाचा दुसरा फेरा झाला होता आणि धाकटे सुनेला स्वतःचं वजन उचलून बघायला सांगत होते. थोरले दारात उभे राहिले. दम लागला होता, पण चेहरा वेगळाच दिसत होता. वहिनींनी तो चेहरा पूर्वी एकदाच पाहिला होता, बाळ झाला तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर.

त्यांनी बाळला सांगितलं की वर्षभर पोतीच जुळव. धाकट्यांना सांगितलं की टेप घरी ने. सुनेला म्हणाले, तुझं वजन अजून फळीवर नाही, ठसा सांग, पितळ मी घासतो. बारीक काटा नसला म्हणून काय झालं, मला दुपारी वेळ असतो. वहिनींनी मान खाली घालून कप विसळायला घेतले, कारण त्यांना हसू फुटत होतं.

मग थोरले खिडकीशी गेले, एका खुर्चीवर बसले, दुसरी ओढून तिच्यावर पाय टाकले, आणि खोलीतल्या कुणालाही उद्देशून न बोलता, नुकत्याच कळलेल्या बातमीसारखं म्हणाले:

“मुलगी आहे. साडेतीन किलो. माझ्यापेक्षा वीस महिन्यांनी लहान.”